काचेच्या पेटीतलं स्थळ

मादीनं सुळे उगारले आणि नरावर झेप घेतली. "आजी, उलथनं!" माझी नात मंजू ओरडली. मी पोळीचं उलथनं तसंच पेटीत घातलं आणि दोघांच्या मध्ये आडवं धरलं. मादी त्यावर आदळली, तो धक्का मला मनगटापर्यंत जाणवला.

मंजू हे केसाळ टॅरंटुला कोळी पाळते. पिल्लं व्हावीत म्हणून तिनं नराला मादीच्या पेटीत सोडलं होतं.

"तिला आधी पोटभर खायला घातलंस का?"

"विसरले गं आजी."

"मग! उपाशी बाईच्या घरी कुणी पाहुणा पाठवतं का?"

पण त्याआधी जे पाहिलं ते काय सांगू! नर थेट आत घुसला नाही. पेटीतल्या मातीत तिनं केलेल्या बिळाच्या तोंडाशी थांबून पुढचे पाय जमिनीवर वाजवत राहिला. थांबायचा, पुन्हा वाजवायचा. आतून तिनं पाय आपटले, तेव्हाच तो पुढे सरकला. मी काचेला नाकच लावलं. मी शिकले त्या चौथीपर्यंतच्या पुस्तकांत असलं काही नव्हतं. मला बघायला आले तेव्हा चालायला लावलं, वाचायला लावलं, होकार मात्र माझ्या बापाला विचारला. हा एवढासा कोळी दारात उभा राहून तिलाच विचारतो, तेही मरणाची भीती असताना.

"आजी, जमलं त्यांचं! तिनं झेप नंतर घेतली!" मंजू उड्या मारत होती. मीही मारल्या असत्या, गुडघे बरे असते तर.

उलथन्याखालून तिनं त्याचा एक पाय धरलाच, तो तिच्यापाशी तुटून राहिला. नर वाचला, सात पायांवर.