वाकड्या नळीतली हवा

मलावी सरोवराच्या काठी झिओने रंगीत मासे पाळायची. पंप पाणी वरच्या काचटाकीत चढवायचा. वाकड्या नळीतून ते खाली उतरायचं. वळणात हवा साचली की धार तुटायची, टाकी भरून पाणी जमिनीवर सांडायचं आणि हवा काढायला झिओनेला पाण्यात हात घालावा लागायचा. पण आता निळ्या मादीच्या तोंडात पिल्लं होती; हे मासे पिल्लं तोंडातच सांभाळतात. बिचकली तर गिळून टाकील.

“अमाई, जाड नळी लावा की!” शेजारचा लिंबानी म्हणाला; तिकडे मोठ्या बाईला अमाई, म्हणजे आई म्हणतात.

“जाड नळीत पाणी रेंगाळतं, तुझ्यासारखं. मग हवा बसते ठाण मांडून.”

शेवटचा एकदा पाण्यात हात घालून झिओनेने हळूच बारीक नळी बसवली. पाणी वेगाने धावलं, बुडबुडे सोबत ओढून घेऊन गेलं. त्यानंतर धार तुटली नाही.

एका सकाळी मादीने तोंड उघडलं आणि पिल्लं एकेक करून बाहेर पोहत आली. लिंबानी बघतच राहिला.