ज्याची माहिती त्याच्या हाती

प्रज्ञेश तायडेला येणारे फोन बहुतेक एकाच साच्यातले असत. आधी 'जय भीम' किंवा 'राम राम', मग तब्येतपाणी, आणि मग, "भाऊ, माझा नंबर बदललाय, तेवढा टाकून घे." कुणी सुरतेतलं गोडादरा सोडून हजीऱ्याकडे राहायला गेलेलं असायचं, कुणाचं लग्न होऊन आडनाव बदललेलं असायचं. कुणी नुकतंच रक्त दिलेलं असायचं आणि पुढचे काही महिने आपल्याला बोलावू नये, एवढंच त्याला कळवायचं असायचं. प्रज्ञेश सगळ्यांना "हो, टाकतो" म्हणायचा. आणि टाकायचाही, पण वेळ मिळेल तेव्हा.

हा उद्योग त्याने कोरोनाच्या साली स्वतःहून अंगावर घेतला होता. त्याचे वडील भगवान तायडे भुसावळकडून रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला आले आणि इथलेच झाले. प्रज्ञेश सुरतेतच जन्मला, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, आयटीआय करून हजीऱ्याच्या एका कारखान्यात लागला. तिथे पाइपांवरचे दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं नीट ठेवणं हे त्याचं काम. त्या यंत्रांचे आकडे गोळा करायला एका इंजिनिअरने पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. इंजिनिअर दुसरी नोकरी धरून गेला आणि प्रोग्रॅम प्रज्ञेशच्या गळ्यात पडला. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता हिंदी व्हिडिओ बघून बघून तो पायथन शिकला. त्यामुळे विहारातल्या पोरांनी रक्तदात्यांची नावं गोळा केली तेव्हा ती नावं कागदावर न ठेवता त्याने त्यांची वेबसाइट केली. बौद्ध वस्तीतली माणसं तिच्यात होती, तशीच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी खान्देशी माणसंही होती. रक्तगट निवडला की त्या गटाची नावं आणि नंबर समोर येत. लोक तिला 'प्रज्ञेशची साइट' म्हणत, आणि ते त्याला आवडायचं.

"तुम्ही साइट चालवता की टपाल हापिस?" त्याची बायको वृषाली विचारायची. ती लिंबायतच्या एका शाळेत शिकवते. "ज्याची त्याची माहिती ज्याला त्याला बदलू द्या ना."

"लोक काहीही लिहून ठेवतील," प्रज्ञेश म्हणायचा. "मग निस्तरायचं कोणी?"

हे खरं होतं, पण अर्धंच. आपल्यावाचून कुणाचं अडतं, याचं माणसाला जे बरं वाटतं ते त्यालाही वाटत होतं.

मग कलाबाईच्या सुनेचं बाळंतपण आलं. कलाबाई गोडादऱ्यातच राहणारी. सुनेला रक्त चढवायचं होतं आणि गट बी निगेटिव्ह. साइटवर त्या गटाचं एकच नाव होतं, रंजना महाले. ती साड्यांना घड्या घालण्याच्या कामाला जायची आणि बोलावलं की न कुरकुरता यायची. पण तिचा साइटवरचा नंबर लागेना. नंबर बदलल्याचं तिने प्रज्ञेशला आठवडाभर आधीच कळवलं होतं, त्याने "हो, टाकतो" म्हटलं होतं, आणि ते राहून गेलं होतं. कलाबाईच्या मुलाने मग प्रज्ञेशला फोन लावला. तो ड्यूटीवर, आणि कारखान्यात फोन आत नेता येत नाही. फोन गेटवरच्या कपाटात वाजत राहिला.

रक्त शेवटी दुसऱ्या रक्तपेढीतून मिळालं. आई आणि बाळ दोघं सुखरूप. प्रज्ञेश भेटायला गेला तेव्हा कुणी त्याला दोष दिला नाही. कलाबाईने चहा पाजला आणि नातीला त्याच्या मांडीवर देत ती एवढंच म्हणाली, "भाऊ, तुना फोन लागनाच नही."

घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला आणि सगळ्यात आधी रंजनाचा नंबर बदलला. मग वृषालीला म्हणाला, "तू म्हणतेस ते करून टाकतो."

पुढच्या काही सुट्ट्या त्यात गेल्या. दात्याने मोबाइल नंबर आणि प्रज्ञेशने सगळ्यांना आधीच पाठवून ठेवलेला पासवर्ड टाकून आत यायचं. मग 'माहिती बदला' हे बटण. ते दाबलं की फॉर्म उघडणार आणि त्यात जुनी माहिती आधीच भरलेली दिसणार, म्हणजे जेवढं बदलायचं तेवढंच बदलता येईल. नाव, नंबर, पत्ता, शेवटचं रक्तदान कधी, आणि 'सध्या रक्त देऊ शकतो का' याला हो किंवा नाही. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत मथळे. रक्तगट आणि जन्मतारीख मात्र बदलता येणार नाही असं त्याने आधी ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी विचार बदलला, कारण काहींचे गट घाईत चुकीचे लिहिले गेल्याचं त्यालाच माहीत होतं. त्याने सगळंच खुलं केलं.

तयार झाल्यावर त्याने पहिली लिंक रंजनाला पाठवली. "ताई, तुमच्यापासून सुरुवात. बघा जमतंय का."

रंजनाला जमलं. तिने पत्त्यातला घर क्रमांक दुरुस्त केला आणि खूश होऊन ती लिंक आपल्या गल्लीतल्या छगनकाकांना पुढे पाठवून दिली, 'काका, तुम्ही पण करा' असं लिहून.

छगनकाका लूम दुरुस्त करणारे, हुशार आणि उतावळे. त्यांनी आपला नंबर आणि पासवर्ड टाकला आणि लिंक उघडली. समोर फॉर्म आला, पण त्यात रंजना महाले, बी निगेटिव्ह वगैरे भरलेलं. काकांना वाटलं, कसं भरायचं ते दाखवायला नमुना दिलाय. त्यांनी एकेक रकाना पुसला, आपलं नाव, नंबर, ओ पॉझिटिव्ह असं नीट भरलं आणि बटण दाबलं. 'माहिती जतन झाली' असं हिरव्या अक्षरांत आलं. काकांनी त्याचा फोटो काढून प्रज्ञेशला पाठवला. "एकदम फर्स्ट क्लास चाले छे."

प्रज्ञेशने तो फोटो सकाळी बसमध्ये बघितला. त्यालाही बरं वाटलं. मग सहज त्याने साइट उघडून बी निगेटिव्ह निवडलं. 'एकही दाता सापडला नाही.' ओ पॉझिटिव्ह निवडलं. छगन दोनदा.

चूक कुठे आहे ते बस वाटेतल्या पाल भागात पोचायच्या आत त्याच्या लक्षात आलं. प्रत्येक दात्याच्या फॉर्मच्या लिंकमध्ये शेवटी त्या दात्याचा क्रमांक होता. आत येणारा माणूस आपल्याकडे नोंदलेला आहे ना, एवढं प्रोग्रॅम तपासत होता. पण तो जो फॉर्म उघडतोय तो त्याचाच आहे का, हे विचारायचं प्रज्ञेश विसरला होता. कुणीही कुणाचीही माहिती पुसू शकत होतं, आणि एकाने पुसलीही होती, अगदी भल्या मनाने.

ड्यूटीवर जायच्या आत त्याने फोनवरूनच साइट बंद केली आणि छगनकाकांना फोन लावला.

"काका, तुम्ही रंजनाताईंच्या जागी स्वतःला बसवलंत."

"मी? मी तर नमुना खोडला."

"नमुना नव्हता तो, काका. त्या रंजनाताई होत्या."

काका म्हणाले, "मग दरवाजा उघडा कशाला ठेवला?"

"माझंच चुकलं," प्रज्ञेश म्हणाला.

संध्याकाळी त्याने दुरुस्ती केली. ती विचित्र वाटावी इतकी छोटी होती. लिंकमधला क्रमांक त्याने काढूनच टाकला. आता लिंक सगळ्यांना एकच. जो आत आलाय त्याचीच माहिती प्रोग्रॅमने काढायची आणि त्याचीच जतन करायची. शिवाय कुणी काय बदललं आणि आधी काय होतं, हे मागे वेगळं साठवायची सोय केली. दर रविवारी तो सगळ्या माहितीची एक प्रत काढून ठेवायचा, तिच्यातून रंजनाची माहिती परत आणली, आणि मग तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

रंजना पोट धरून हसली. "म्हंजी दिवसभर मी छगनकाका होते?"

"हो ताई."

"मग काकूला सांगितलं का?"

साइट पुन्हा सुरू झाली आणि लिंक सगळ्यांना गेली. लोकांनी माहिती बदलायला सुरुवात केली, आणि प्रज्ञेशला दुसराच धक्का बसला. पुष्कळांनी नंबर आणि पत्ते दुरुस्त केले हे ठीक होतं. पण त्याहून जास्त जणांनी 'सध्या रक्त देऊ शकतो का' यापुढे 'नाही' करून टाकलं. आठवडाभरात दात्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. एवढी वर्षं जमवलेली माणसं बोटाच्या एका टिचकीने निघून जात होती. त्याला राग आला, आणि वाईट त्याहून जास्त वाटलं.

न राहवून त्याने धुडकूदादांना गाठलं. धुडकूदादा गोडादऱ्याच्या एका लूमच्या कारखान्यात सुताच्या तुटलेल्या तारा जोडायचे. त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून साइटवर होतं. ते कारखान्याबाहेरच्या चहाच्या लारीवर, हातगाडीपाशी, उभे होते.

"दादा, तुम्ही पण 'नाही' केलंत?"

धुडकूदादांनी कप खाली ठेवला. "तीन वर्सं झाली, साखर आहे मला. सुया घेतो. रक्त कुठून देऊ?"

"मग सांगायचं ना! मी तुम्हाला दरवेळी फोन करत होतो."

"आणि मी दरवेळी गावाला असायचो," दादा म्हणाले. "तू एवढ्या आशेनं विचारायचा. तोंडावर नाही म्हणायला जीव होत नव्हता. आता कुणी विचारत नाही. बटण दाबलं, झालं."

प्रज्ञेशने पुढे कुणाला फोन केला नाही. बसमध्ये बसल्या बसल्या त्याला जुने प्रसंग आठवत राहिले. नातेवाइकांनी नावांमागून नावांना फोन लावायचे आणि कुणी गावाला, कुणी आजारी, कुणाचा नंबर बंद. ती माणसं साइटवर होती, पण खरी तिथे कधी नव्हतीच.

पावसाळा संपता संपता एके दिवशी तो पहिली पाळी करून बाहेर आला. कपाटातून फोन काढला. एकही फोन येऊन गेलेला नव्हता. फक्त रंजनाचा निरोप होता: 'रक्त देऊन आले. बारडोलीचे लोक होते. त्यांची आजी बरी आहे.'

त्याने लगेच तिला फोन लावला. "ताई, तुम्हाला कोणी कळवलं?"

"त्यांनीच. साइटवर माझं नाव दिसलं, फोन केला. मुलगा गुजराती होता, बोलता बोलता रडायला लागला. मी म्हटलं, भाई, रडू नको, येते मी. शेठकडून अर्धी सुट्टी घेतली."

"मला फोन नाही केला त्यांनी?"

"तुम्हाला कशाला?" रंजना म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने वृषालीला हे सांगितलं. आजी वाचली हे आधी सांगितलं, आणि आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही हे नंतर, थोडं हसत.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं.

"थोडं." मग विचार करून म्हणाला, "पण मी आत होतो गं. मला फोन केला असता तर तो कपाटातच वाजला असता."

वृषालीने त्याच्यापुढे खिचडीचं ताट ठेवलं. जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप घेतला. साइटच्या प्रत्येक पानावर अगदी वर, मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आणि नंबर होता, 'माहिती बदलण्यासाठी संपर्क' असं लिहून. तो त्याने तिथून काढला आणि तळाशी छोट्या अक्षरांत टाकला: 'पासवर्ड विसरल्यास'.