हिरव्या खुणेनंतर

वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जण लोकांना ऑनलाइन फॉर्म भरून देतो. ईमेल सांगितला की प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट आपटत मोठ्याने वाचतो. लोकांच्या चुका फार, म्हणून त्याने स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. चुकून पडलेली मोकळी जागा, विसरलेला डॉट तो प्रोग्राम पकडतो. सगळं ठीक असेल तर हिरवी खूण येते. तरीही हा गडी लगेच फॉर्म पाठवत नाही. त्या ईमेलवर 'पोचला काय?' एवढंच लिहितो आणि उत्तर येईपर्यंत हाताची घडी घालून बसतो. माझ्या फॉर्मवर पुण्यातल्या माझ्या मुलाचा ईमेल असतो; त्याला फोन करून "उत्तर दे रे" म्हणताना मी कितीदा वैतागलोय.

परवा नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. एका मुलीने गोव्यातल्या मामाचा ईमेल दिला. त्यांच्या घरात सगळ्यांच्या फॉर्मवर तोच असतो. हिरवी खूण आली, पण उत्तर येईना. रांगेतून आम्ही ओरडलो, "दाब रे बटण!"

"प्रोग्राम नुसतो आकार बघता," तो म्हणाला. "थंय कोण वाचता काय, ता माका बघूक व्हया. मामा कधी उघडता गो?"

"चतुर्थीक घराक इलो काय," ती म्हणाली. म्हणजे वर्षातून एकदा.

"मगे तुझो काढूया."

त्याने तिच्याच फोनवर तिचा ईमेल काढून दिला. 'पोचला काय?' तिच्या हातात वाजलं. तिचं उत्तर त्याने बोट आपटत वाचलं, खालच्या तिच्या नावासकट. मग माऊस तिच्याकडे सरकवला. "आता तूच दाब."

पुढचा नंबर माझा होता. कागदावर लिहून आणलेला मुलाचा ईमेल मी खोडला आणि स्टूल पुढे ओढलं.