गोदाबाईंची आवळलेली मूठ

कळवा-खारीगावच्या गोदाबाईंशी कुणी फार गोड बोललं की त्या आधी आपल्या अंगणाकडे बघतात. कळव्यात आता अंगण राहिलंय कुणाला? मिठागरं गेली, शेतं गेली, टॉवर आले. यांच्या दारात मात्र शेवगा आणि मोकळी जमीन. अंगण त्यांच्याच नावावर आहे आणि शेजारी राहणारा दीर, पंढरी, त्यावर डोळा ठेवून आहे, हे त्यांचं पक्कं मत.

म्हणून मुलगा हर्षित जेवताना म्हणाला, "आये, मे महिन्यात सिंगापूरला जाऊ. मी, कृतिका आणि तू," तेव्हा हातातला घास ताटात परत गेला.

"मना कशाला?"

"फिरायला."

"एकवीरेला नेतो बोललास, ते अजून नाय नेलास."

दुसऱ्या दिवशी सून कृतिकाने प्रवासाला म्हणून नवी साडी आणली आणि गोदाबाईंची झोप उडाली. सख्ख्या भावांनी असंच केलेलं. मटणाचं जेवण, नवी साडी, गाडीतून ठाण्याला. तिथे रजिस्ट्री ऑफिसात मशीनपुढे फोटो, अंगठा, आणि माहेरच्या जमिनीवरचा हक्क सुटला. त्यानंतर भाऊबीजेलाही बोलावणं नाही.

पासपोर्टसाठी हर्षितने त्यांना वागळे इस्टेटला नेलं, तेही गाडीतूनच. काउंटरवरच्या मुलीने फोटो काढला. म्हणाली, "आजी, आता बोटं ठेवा. आधी उजवी चार."

"किती ठेवायची?"

"दहाही."

गोदाबाईंनी मूठ आवळली. "तिकडं एका अंगठ्यात माझं शेत गेलं. इथं दहा मागतात." मग हर्षितकडे वळल्या. "तू ठेव आधी."

"माझा पासपोर्ट आहे ना, आये."

"मामापन तेच बोललेला. आमचा नको, तुझाच अंगठा पायजे."

मागचे लोक मोबाइलमधून माना वर काढून बघायला लागले. हर्षित कानाशी वाकला. "अगं, अंगण पायजे असतं तर सिंगापूरला कशाला नेली असती? ठाण्याच्या रजिस्ट्री ऑफिसापुढे नसती नेली."

"तेच तर. मी तिकडं, आनि इकडं पंढरी भिंत सरकवल. त्याला पन घे."

"काकांना? सिंगापूरला? तिथं रस्त्यात थुंकलं की दंड, आणि यांच्या तोंडात चोवीस तास तंबाखू."

"गिळल. माझ्या नजरेपुढं तरी राहील."

काउंटरवरची मुलगी हसू दाबत म्हणाली, "सर, लवकर करा प्लीज." हर्षितने तिथूनच फोन लावला, काकाला सिंगापूरचं सांगितलं. पलीकडून पंढरीचा आवाज आला, "मना कशाला? अंगठा लागल का कुठं?"

गोदाबाईंनी फोन काढून घेतला. इतकं गोड त्या लग्नात नवऱ्याचं नाव घेतानाही बोलल्या नसतील.

"पंढरीभाऊ, रविवारी जेवायला या. मटन करते. हर्षित नवा शर्ट आनतोय तुम्हाला."

फोन परत दिला, पदराला हात पुसला आणि चार बोटं काचेवर ठेवली.