धरलेला उपास

सातवीत शाळा सुटली आणि मी नांदेडहून भिवंडीत आले. शेलारच्या गोदामात पॅकिंगला शेजारी बसणारी ताई पहिल्या दिवसापासून आपला डबा मला द्यायची. तिच्यामुळेच मी टिकले. ती मात्र नुसता भाकरीचा वास घ्यायची. बांगडी कोपरापर्यंत चढायची, गालांवर लव उगवलेली.

"देवीचा उपास हाय," म्हणत बायका तिच्या पाया पडायच्या. मीही पडायचे.

एकदा नळावर तिचा हात लागला. भर उन्हात गार.

"ताई, उपास कधी सोडणार?"

ती हळूच म्हणाली, "मी कुठं धरलाय गं? त्यानंच मला धरलंय. घास उचलला की आतून कुणीतरी म्हणतं, खाऊ नको. सांगू कुणाला? सगळ्या पाया पडतात."

मी घाबरत तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मनाचा आजार आहे. उपचारानं बरा होतो." तिला भरती केलं.

गोदामात बायकांनी तिच्या रिकाम्या जागेवर हळदकुंकू वाहिलं. एक म्हणाली, "देवीला सुई टोचलीस. आता बघ."

भीती वाटते. तरी रोज मी ते पुसते. तिथं माणूस परत येऊन बसणार आहे.