पदराआडचा पाला

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. लग्न होऊन लातूरकडून हदगावच्या बाजूला आले तेव्हा माझ्यासोबत एक कपाट, दोन पेट्या आणि एक काळी पाठ आली. पाठ म्हणजे अजून व्यायची राहिलेली शेळी. आईनं हौसेनं दिलेली, आमच्या भागातली, लांब कानांची. कपाट उतरवायला चारजण धावले, पाठीला हात लावायला कोणी पुढं येईना. शेवटी आत्याबाई आल्या, तिच्याभोवती एक चक्कर मारली, ओठ वर करून दात बघितले आणि म्हणाल्या, "लातूरची हाय. नखरे करणार." मी मागंच उभी होते. ते शेळीला म्हणाल्या की मला, हे मी अजून विचारलेलं नाही.

नखरे दोघींनीही केले, खोटं कशाला सांगू? तिनं पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंची वाफ्यातली मेथी साफ केली आणि मी पहिल्याच आठवड्यात भाकरी नीट थापता येत नाही म्हणून बोलणी खाल्ली, वर उलटून बोललेही. माझं तोंड पहिल्यापासून असंच आहे. आत्याबाईंनी शेळीला नाव कधी ठेवलं नाही. "तुझी माहेरवाशीण" एवढंच म्हणायच्या. तुझ्या माहेरवाशिणीनं दावं तोडलं, तुझी माहेरवाशीण खाऊन न्हाई राहिली. पण मला रडू आलं की मी गोठ्यात तिच्याजवळच जाऊन बसायची. कपाट उदगीरच्या दुकानातलं होतं. आईच्या हातानं वाढलेलं असं माझ्याजवळ ती एकच होती.

घरात तिच्याशिवाय पाच शेळ्या होत्या आणि त्यांचं सगळं औषधपाणी आत्याबाईंकडं. त्यातलं अर्धं उघड होतं. शेळी व्याली की बाजरी, गूळ आणि मेथ्या शिजवून कोमट घालायच्या. पोट फुगलं की गोड्या तेलात ओवा आणि हिंग. ते पाजताना मी एकदा शेळीचं तोंड वर धरलं तर केवढ्यानं ओरडल्या! "आभाळाकडं कामून करून राहिलीस तिचं तोंड? छातीत जाईल ना तेल, मरल ती!" संध्याकाळी लिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर, माश्यांसाठी. उवा झाल्या तर सीताफळाचा पाला वाटून अंगाला चोळायचा, पण डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. हे सगळं मी शिकले, रोज शिव्या खात शिकले, आणि आता कोणी मला विचारलं तर मीही तशाच शिव्या देत शिकवते.

उरलेलं अर्धं मात्र पदराआड होतं. आमच्याकडं समज असा की खास औषध सांगितलं की सांगणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. ज्याला सांगितलं त्याच्या हाताला तो लागतो आणि आपला हात रिकामा होतो. म्हणून सांगायचं ते एकदाच, आणि तेही जाताना. आत्याबाईंना त्यांच्या आईनं अंथरुणावरून सांगितलं होतं आणि चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून कुणाच्या शेळीची, म्हशीची कास सुजली की माणसं आत्याबाईंना शोधत यायची. अगदी अर्धापूरकडून मोटारसायकलवर शेळी मध्ये बसवून आलेले नवरा-बायको मी पाहिलेत. आत्याबाई पैसा घेत नसत. नारळ घ्यायच्या, तोही देवापुढं ठेवायच्या. पण आलेली माणसं ओट्यावर हात जोडून बसली की त्यांची मान कशी ताठ व्हायची! घरात त्यांचं कोणी ऐको न ऐको, त्या ओट्यावर त्यांचा शब्द शेवटचा.

औषधाच्या दिवशी त्या सकाळीच उठून रानात जायच्या. वाटेत कोणी हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत, कारण बोललं तरी गुण कमी होतो. परत येताना पदर भरलेला. घरात आल्या की कोपऱ्यात, आमच्याकडं पाठ करून, पाट्यावर वाटायच्या. मी काय कमी? मी भांडी घासता घासता तिरप्या नजरेनं बघत राहायची. एकदा पदरातून एक पान बाहेर आलेलं दिसलं. रुंद, राखाडी, पांढरा चीक गळणारं. रुई! मला तर हर्षच झाला. माझ्या माहेरीही गुडघा सुजला की रुईचं पान तव्यावर शेकून बांधतात. सुजेला रुई, बरोबरच आहे की. एवढ्याचसाठी एवढा थाट, असं म्हणत मी मनातल्या मनात आत्याबाईंना कोपरापासून हात जोडले.

माझी माहेरवाशीण दुसऱ्यांदा व्याली तेव्हा आत्याबाई घरी नव्हत्या. उमरीला दिलेल्या माझ्या नणंदेचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी तिला जागचं हलू नको म्हणून सांगितलं होतं. लेक माहेरी येईना, म्हणून आईच लेकीकडं गेली. जाताना मला बजावून गेल्या, "शेळ्यांकडं बघ. काय झालं तर फोन कर. शहाणपणा करू नको."

पिलं आठ दिवसांची असतील. सकाळी धार काढायला बसले तर तिनं लाथ मारली. ती कधी लाथ मारत नाही. हात लावून बघितलं तर कासेची उजवी बाजू तापलेली आणि कडक, जणू आत दगड भरलाय. आमच्याकडं या दुखण्याला दगडीच म्हणतात. पिळलं तर दुधात दह्यासारख्या गाठी. दगडीत शेळीचा सड कायमचा जातो, कधी शेळीही जाते, हे मला माहीत होतं.

तेव्हाच डॉक्टरांना फोन करायचा. तेव्हाच आत्याबाईंना करायचा. पण मला औषध माहीत होतं ना! मी बांधावर जाऊन रुईची पानं तोडली, वाटेत भेटलेल्या शेजारणीशी बोललेसुद्धा नाही, घरी येऊन पाट्यावर वाटली आणि चांगला जाड लेप दिला. स्वतःवर एवढी खूश मी लग्नानंतर पहिल्यांदाच झाले असेन.

दुपार कलली तोवर कासेवर लालभडक चट्टे उठले. संध्याकाळी फोड आले. ती उभी राहीना, पिलांना जवळ येऊ देईना, आणि माझ्याकडं बघून असा बारीक आवाज काढायची की माझं काळीज तुटायचं. मी कास धुतली, पुन्हा धुतली. माझ्या नवऱ्यानं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावाला होते. सकाळी पहिल्यांदा तुमच्याकडंच येतो म्हणाले, तोवर खराब दूध पिळून काढत राहा. नवऱ्यानं मग माझ्याकडं पाहिलं. "आईला सांगायला पाहिजे," तो म्हणाला. मी म्हणाले, "तूच सांग." तो म्हणाला, "लेप मी दिलाय का?"

त्यानं व्हिडिओ लावून फोन माझ्या हातात दिला. आत्याबाईंना फोन कानालाच लावायची सवय, त्यामुळं पडद्यावर फक्त त्यांचा कान आणि कानातलं फूल. मी सगळं सांगितलं. रुई म्हटल्याबरोबर तो कान थरथरला.

"रुई? कासंला? अगं येडे, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, तू कासंला लावलीस?"

"तुमच्या पदरात बघितली होती मी." मला हुंदका आवरेना. "चोरून बघितली होती."

त्या हळू बोलल्या. "ती वरती दाखवायला असते गं. लोकांनी रुईच बघावी म्हणून. घरात आली की मी ती उकिरड्यावर टाकते. पाट्यावर येगळंच असतं."

म्हणजे बघणाऱ्याला चकवायला तोडलेला पाला मी चोरून शिकले आणि माझ्या आईच्या शेळीला लावला.

"आत्याबाई, ती मरल," मी म्हणाले. "माझी ती एकच हाय."

त्यांनी विचारलं, "पोरगा तिथंच हाय का?"

"हाव."

"त्याला बाहेर घाल."

त्यांच्या पोटच्या पोराला मी गोठ्याबाहेर घातलं. तिकडं त्यांनी लेकीला सांगितलं, तू कानावर उशी घे. मग म्हणाल्या, "नीट ऐक. दुसऱ्यांदा सांगणार न्हाई."

"नका सांगू," मी म्हणाले. खरंच म्हणाले. त्यांची आई चौथ्या दिवशी गेली होती ते मला आठवलं. "तुम्ही या इकडं. सकाळच्या गाडीनं या."

"लेकीला असं टाकून येऊ? आन् तोवर सड जाईल. गप ऐक."

आणि सांगितलं. तीन जिनसा. एक आमच्या दारातल्या फुटक्या माठात वाढत होती, जिला मी रोज उरलेलं पाणी घालत होते. दोन माझ्या सैपाकघरात. म्हणजे ते रानात जाणं, मुक्यानं परत येणं, सगळं बघणाऱ्यांसाठी. किती घ्यायचं, कसं वाटायचं, आधी दूध पूर्ण पिळायचं, फोडांवर नुसता गर लावायचा, बाकीचं झोंबेल, आणि लेप वाळला की धुऊन पुन्हा, दिवसातून आठदा, दहादा. त्या जिनसा कोणत्या हे मी इथं लिहिणार नाही. हसायचं तर हसा.

शेवटी त्या म्हणाल्या, "झालं. आता तुझा हात." आणि फोन ठेवला.

सकाळी डॉक्टर आले. इंजेक्शन दिलं, सडात औषध सोडलं, रुईचं ऐकून मला चांगलं झापलं. पिवळ्या लेपाला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "हे मात्र बरं केलं. इंजेक्शनं मी देतो, तुम्ही हे लावत राहा." मी लावत राहिले. माझे तळहात पंधरा दिवस पिवळे होते. तिसऱ्या दिवशी ती उठून लिंबाच्या खाली गेली, पाचव्या दिवशी पिलांना जवळ घेतलं. उजव्या सडाला आधी पाण्यासारखं, मग पातळ, मग दूध आलं. त्या दिवशी मी तिच्या गळ्यात पडून एवढी रडले की पिलं घाबरून लांब पळाली. बरी झाली ती डॉक्टरांच्या सुईनं की माझ्या लेपानं, मला सांगता येणार नाही. आत्याबाईंना विचाराल तर उत्तर एकच मिळेल.

त्या सव्वा महिन्यानं परत आल्या, नातीचं तोंड बघून, चांगल्या धडधाकट. मी एसटी स्टँडवर त्यांना बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी आल्या आल्या गोठ्यात गेल्या. कासेवरचे डाग निरखले. "काळी हाय म्हणून दिसंनात," एवढंच बोलल्या.

दोनच दिवसांनी शेजारच्या गावची एक बाई म्हशीसाठी आली. ओट्यावर हात जोडून बसली. आत्याबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या हातात आता काय न्हाई बाई. सूनबाईला विचार." ती बाई माझ्याकडं बघायला लागली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या भिंतीकडं बघत होत्या.

मी आत येऊन पाट्यावर बसले तर मला काही दिसेना, डोळे भरून आलेले. ही बाई मला भाकरीवरून बोलली होती, माझ्या आईच्या शेळीला नखरेल म्हणाली होती. आणि माझ्यासाठी जिवंतपणी हात रिकामा करून बसली होती. वाटून झालं तशा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "जाडं हाय अजून," म्हणाल्या. "आन् उद्यापासून रानात जाऊन येत जा. लोक बघतात." तेव्हापासून मी जाते. रुईसुद्धा तोडते.

गेल्या महिन्यात शेळ्यांच्या लसीसाठी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो होतो. आत्याबाई बाकड्यावर, माहेरवाशीण त्यांच्या गुडघ्याला टेकून. आता तिचं त्यांच्याशीच जास्त जमतं. समोरच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता, वर शेळीचं चित्र, खाली बारीक अक्षरं. मी सहज वाचायला लागले. दगडीवर घरगुती लेप. तीन जिनसा. त्याच तीन. प्रमाणसुद्धा, आधी दूध पिळा हेसुद्धा, आठदा-दहादा हेसुद्धा. तक्ता उन्हानं पिवळा पडला होता. कधीचा लावला होता कुणास ठाऊक.

आत्याबाईंना वाचता येत नाही.

"शेळीचं चित्र हाय," त्या म्हणाल्या. "काय लिहिलंय गं तिथं?"

"लस टोचून घ्या म्हणून लिहिलंय, आत्याबाई."

"एवढं लांबलचक?"

"सरकारी हाय न्हवं."

त्या हसल्या. मग माहेरवाशिणीच्या कानामागं खाजवत म्हणाल्या, "आपल्यातलं काय म्हाईत असणार सरकारला." आणि आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना बघून माझ्या कानाशी वाकल्या. "तू बी सांगू नको कुणाला."

"न्हाई सांगत," मी म्हणाले.