शिसवी कपाटावरचा पापुद्रा

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, तेव्हाची एक तक्रार मी अजून विसरलेलो नाही. कोल्हापुरातल्या आमच्या ठाण्यात सकाळची हजेरी संपत आली असताना सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. वडिलांनी लग्नात दिलेलं त्यांचं शिसवी कपाट मुलाने पॉलिशला पाठवलं होतं. चार दिवसांनी ते परत आलं. "आलंय ते माझं कपाट नाही," असं त्यांचं म्हणणं.

"वेगळं काय आहे त्यात?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"दिसतं तसंच. पण हात लावला की दुसऱ्याच्या घरातलं वाटतं."

अंमलदाराने माझ्याकडे बघितलं. मी मुलाला बोलावून घेतलं. चाळिशीचा, नीटनेटका, कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, आईला हल्ली विसरायला होतं. डॉक्टरांना दाखवायचंच आहे." बाई चिडून मोठ्याने बोलायला लागल्या, तसं त्याचं म्हणणं मला जास्तच पटलं. अर्ज दप्तरी ठेवला.

आठवड्याने एक म्हातारे मिस्त्री ठाण्यात आले. कपाटाचं दार घासतंय म्हणून बाईंनी त्यांना घरी बोलावलं होतं.

"सायेब, बाईंचं डोकं ठीक हाय. कपाटच बदललंय. आत प्लाय हाय, वरनं शिसवीचं व्हिनियर चिकटवलंय."

व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. मी दोन पंच घेतले आणि मिस्त्रींना बरोबर घेऊन घर गाठलं. त्यांनी दाराच्या कडेवर बोट ठेवलं. अस्सल फळीची रेषा कडेवरून वळून पुढे जाते; इथे कडेला वेगळी पट्टी लावली होती. खालच्या कोपऱ्यात त्यांनी नखाने टकटक केलं. पोकळ आवाज आला.

"निवड झकास केलीया. जुन्याची रेषा, रंग, समदं बघून आणलंय. पण चिकटवताना घाई झाली. गोंद वाळायच्या आदी दाब काढला, म्हणून हितं फुगलंय."

"किती दिवसांचं काम असेल हे?"

"ह्या दमट हवंत? सांगाडा, चिकटवणं, घासणं, पॉलिश... पंधरा दिवस तरी जात्यात की."

कपाट घराबाहेर होतं चार दिवस. म्हणजे हे नवं कपाट आधीच तयार होतं आणि त्याची मापं कोणीतरी घरातूनच दिली होती. पंचनाम्यावर सह्या घेताना मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

कपाट पॉलिशला गेलं होतं त्या शहराबाहेरच्या कारखान्याच्या मालकाला विचारलं, तर त्याने कानावर हात ठेवले. "पॉलिशला आलतं, पॉलिश करून दिलं. मला काय म्हाईत न्हाय." मी आवाज चढवला नाही. मिस्त्री मागच्या मांडणीवरचे उरलेले पापुद्रे चाळत होते. त्यातला एक त्यांनी काढला. एकाच ओंडक्याचे पापुद्रे ओळीने कापतात, त्यामुळे शेजारच्या दोहोंवर रेषा जवळजवळ सारख्याच येतात. कपाटाच्या दाराचा फोटो मी त्याशेजारी धरला. गाठ त्याच जागी होती.

मालक खाली बसला. "मापं मी घेतली न्हाईत, सायेब. त्येंच्या पोरानंच दिली. फोटो बी त्यानंच धाडलं." त्याच्या मोबाइलमध्ये सगळे मेसेज होते. मुलाने परस्पर विकलेलं मूळ कपाट गडहिंग्लजकडच्या एका फार्महाऊसवर मिळालं. ते जप्त केलं.

मुलगा जबाबात म्हणाला, "आई कधीच विकू देणार नव्हती. तसंच दुसरं करून दिलं की. तिचं काय बिघडलं?"

बाईंना हे सांगायला मी स्वतः गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मला विसरायला होत नाही."

"नाही, बाई."

फिर्याद त्यांची हवी होती. आई मुलाविरुद्ध सही करणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं. नोकरीत तसंच बघत आलो होतो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "त्याचं पूर्ण नाव लिहा. वडिलांच्या नावासकट."

शांतपणे बोलणारा खरा आणि चिडलेला खोटा, असा माझा अंदाज असायचा. तो किती चुकीचा होता, हे मला त्या फुगलेल्या कोपऱ्याने शिकवलं. त्यानंतरच्या वर्षभरात मी तक्रारदार कसा आहे हे दुसऱ्याला विचारण्याआधी जिच्याबद्दल तक्रार आहे ती वस्तू दर वेळी जाऊन पाहिली.

जबाब नोंदवताना बाईंनी सांगितलं, की कपाट परत आल्यापासून त्या घराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघत होत्या, आणि वर्गातल्या मुलींची जुनी नावं आठवतात का, याची स्वतःचीच परीक्षा घेत होत्या. कपाटाचा गुन्हा दाखल झाला, मालही परत मिळाला. पण हे कोणत्या कलमाखाली घालायचं, ते मला समजलं नाही.